मानाचे पासवर्ड

छाया गांगुर्डे सोडली तर ‘टवटवी सीड्स’मध्ये सगळेच कायम होते. मोठ्या साहेबांच्या खोलीतला बंद पडलेला कूलर कायम होता, जिन्याच्या कोपऱ्यातली पानाची पिंक कायम होती, बियांच्या गोदामातले मांजरसुद्धा कायम होते. त्याच्या दुधाचा खर्च दर महिन्याला किरकोळीत पडत असे. छाया मात्र दर अकरा महिन्यांनी नोकरीवरून कमी होई आणि चार दिवसांनी नव्याने रुजू होई. त्या चार दिवसांना ‘ब्रेक’ म्हणत. ब्रेकमध्येही ती सातपूरच्या त्या ऑफिसात येई, रोजची कामे करी, फक्त हजेरीपटावर सही करत नसे. त्यामुळे कायद्याचेही समाधान होई आणि कंपनीचेही. छायाचे समाधान कोणत्या खात्यात धरायचे, ते कोणी ठरवले नव्हते.

सत्त्याण्णव सालापासून हे असे चालले होते आणि आता दोन हजार सहा उजाडले होते. छायाला त्याचे एरवी फार वाटले नसते, पण तिचे सासर मनमाडचे होते. नवरा नवनाथ रेल्वेच्या वर्कशॉपात, सासरे तिथूनच निवृत्त झालेले, दीर पार्सल ऑफिसात. त्या घरात माणसे जन्मत नसत, भरती होत. लग्नकार्यात सासूबाई, रंगूबाई, सुनांची ओळख करून देत: ही थोरली, पोस्टात, ही मधली, झेडपीच्या शाळेत, ही धाकटी, नाशकाला. धाकटीच्या वाट्याला खाते येत नसे, नुसते गाव येई. मग एखादी पाहुणी विचारायचीच, नाशकाला कुठे? आणि रंगूबाई पदराने कपाळ पुसत म्हणायच्या, “हाय कुठंतरी. अजून कायम नाय.”

‘टवटवी’मध्ये छायाकडे एक कपाट होते. वांग्याचे बी आणि मिरचीचे बी हातात घेतले तर भल्याभल्यांना पटकन सांगता येत नाही. शेतकरी पाकिटावरचा फोटो पाहून पाकीट उचलतो. म्हणून कंपनीचा खरा माल फोटो, बी त्याच्यासोबत जाते, असे विक्रीवाले म्हणत. ते फोटो, त्यांच्या निगेटिव्ह आणि पुढे सीड्या त्या लोखंडी कपाटात असत आणि कपाटाची किल्ली छायाच्या पर्समध्ये, कंगवा आणि बसच्या तिकिटांच्या मध्ये. कोणाला फ्लॉवर हवा असेल, कोणाला कोथिंबीर हवी असेल, तर त्याने छायाकडे यायचे. ती उठून कपाट उघडी, पाठ करून उभी राही आणि हवा तो फोटो काढून देई. नोकरीत मान म्हणावा असा तेवढाच एक क्षण होता आणि ती तो घाईने उरकत नसे.

मग मालकांचे चिरंजीव ज्ञानेश हैदराबादला एका परिषदेला गेले आणि येताना एक शब्द घेऊन आले. डिजिटल अ‍ॅसेट. आपले फोटो म्हणजे फोटो नव्हेत, ती कंपनीची मालमत्ता आहे, असे त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितले. मालमत्ता कपाटात ठेवत नाहीत, सिस्टीममध्ये ठेवतात. कोणी पाहायची, कोणी उचलायची, कोणी बदलायची, हे सिस्टीम ठरवते. सभेला ज्ञानेशचे चुलत आजोबा, कोंडाजीकाकाही होते. मखमलाबाद रोडच्या मळ्यात पहिला वाफा त्यांनीच काढला होता. टोमॅटोची रोपे डोक्यावरून बाजारात नेली होती, आणि मालमत्ता म्हटली की त्यांच्या डोळ्यांपुढे विहीर येत असे. ते म्हणाले, “वांगी इकली. लोकांनी खाल्ली बी. आन् आता फोटू मालमत्ता?” ज्ञानेश हसले. मोठ्यांच्या बोलण्यावर हसायचे आणि उत्तर द्यायचे नाही, ही त्यांची पद्धत होती.

कपाटाची किल्ली जिच्याकडे, तिच्याकडेच सिस्टीमचीही किल्ली असावी असे ठरले. खरे म्हणजे तसे ठरवण्याचा कंटाळा आला म्हणून ठरले. पुण्याहून एक गोरटेला मुलगा आला. त्याने छायाच्या टेबलावर संगणक मांडला आणि अधिकारांच्या पायऱ्या समजावल्या. सगळ्यांत खाली नुसता पाहणारा. त्याच्यावर उतरवून घेणारा, म्हणजे ज्याला फोटो आपल्या संगणकावर नेता येतो. त्याच्यावर भर घालणारा. त्याच्यावर काढून टाकणारा. आणि सगळ्यांच्या वर, हे अधिकार देणारी आणि परत घेणारी छाया. अधिकार कामाप्रमाणे द्यायचे, पदाप्रमाणे नाही, असे त्या मुलाने दोनदा बजावले. मग घड्याळ पाहिले आणि तो संध्याकाळच्या एशियाडने पुण्याला परत गेला.

दुसऱ्या दिवशी संगणक उघडला तर पडद्यावर छायाच्या नावाखाली ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असे लिहिलेले होते. तिने ते वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले. नऊ वर्षांत कंपनीने तिला कधी काही म्हटले नव्हते. यंत्राने पहिल्याच दिवशी म्हटले.

त्याच आठवड्यात बोरसेसाहेबांनी तिला बोलावले. बोरसे आधी ‘पर्सोनेल’ होते, आता ‘एच.आर.’ झाले होते; पाटी बदलली होती, दारामागचा सदरा तोच होता. त्यांनी आवाज खाली आणून सांगितले की ज्ञानेशसाहेबांच्या कानावर तुमचा विषय घातला आहे. त्यांचे म्हणणे असे की दिवाळीपर्यंत ह्या नव्या सिस्टीमबद्दल एकही तक्रार त्यांच्यापर्यंत आली नाही, तर छायाबाईंना कायम करायला हरकत नाही.

“एकही?” छायाने विचारले.

“एकही,” बोरसे म्हणाले. “साहेबांना तक्रार आवडत नाही.”

छायाने सुरुवात पुण्याच्या मुलाने सांगितल्याप्रमाणेच केली. विक्रीच्या मोठ्या साहेबांना फोटो फक्त दुकानदारांना दाखवायचे असतात, म्हणून त्यांना ‘नुसता पाहणारा’ केले. साहेबांनी आपल्या संगणकावर ते पाहिले आणि त्यांचा चेहरा पाहुण्यांच्या पंगतीत मीठ न वाढलेल्या माणसासारखा झाला. ते छायाच्या टेबलाशी आले. बावीस वर्षे महाराष्ट्रभर एसटीने हिंडून आपण ही कंपनी उभी केली आणि आज आपण कोण, तर बघे, असे म्हणून ते जिन्याकडे निघाले. वर ज्ञानेशसाहेबांची खोली होती. विक्रीच्या साहेबांचा गुडघा दुखत असे आणि मध्ये चहावाला भेटला, एवढे छायाचे नशीब. ते वर पोहोचेपर्यंत तिने त्यांना पायऱ्या चढवत चढवत थेट ‘काढून टाकणारा’ करून टाकले आणि निरोप पाठवला. साहेब अर्ध्या जिन्यातून परतले. तक्रार जिन्यातच विरली.

पण विक्रीला जे मिळाले ते हिशेबाला कळायला वेळ लागत नाही. हिशेबाच्या साहेबांना दुधी भोपळ्याचा फोटो पाहण्याची आयुष्यात गरज पडली नव्हती, पुढेही पडणार नव्हती. तरी विक्रीवाल्यांच्या हाताखाली आपण बसायचे का, हा प्रश्न होताच. त्यांना चढवले. मग खरेदीवाले आले. मग गोदामाचे सुपरवायझर आले. त्यांच्याकडे संगणकच नव्हता, पण अधिकार असावा, संगणक काय उद्या येईल. मग ज्ञानेशसाहेबांच्या सौभाग्यवतींनी घरून फोन केला.

तेव्हा छायाच्या लक्षात आले की हे काम आपण आधी केलेले आहे. मनमाडला नणंदेच्या लग्नात मानपानाची जबाबदारी तिच्याकडे होती. कोणाला पूर्ण आहेर, कोणाला टॉवेल-टोपी, कोणाला नुसते नारळ, हे तिने ठरवले होते. आणि एका मावसकाकांना पूर्ण आहेराऐवजी टॉवेल-टोपी गेल्यामुळे ते जेवल्याशिवाय स्टेशनावर जाऊन बसले होते. त्यांना आणायला नवनाथ गेला आणि येताना बायकोवर रुसून आला. त्या दिवशी छायाने एक गोष्ट शिकून घेतली होती. खर्च वाढला तरी चालेल, माणूस रुसता कामा नये. इथे तर खर्चही नव्हता. एक टिचकी मारली की आहेर.

तिने मग कोणी मागायची वाट पाहिली नाही. लग्नपत्रिकेत नावे लावतात तशी तिने माणसे लावली आणि वयाने, नात्याने, पगाराने जो जो मोठा त्याला त्याला मोठा अधिकार देऊन टाकला. गणपती येऊन गेले तोवर ‘टवटवी सीड्स’मधला जवळजवळ प्रत्येक माणूस कंपनीची सगळी मालमत्ता काढून टाकू शकत होता. कोणी रुसले नव्हते. छाया संध्याकाळी घरी जाताना बसच्या खिडकीशी बसे, वारा अंगावर घेई, आणि वरात नीट मार्गी लागल्यावर वाटते तसे तिला वाटे.

राहिली होती फक्त दिशा. दिशा पाकिटांची डिझाइने करी. ती तेवीस वर्षांची होती, नांदगावची होती आणि यंदाच नव्याने, छायासारखीच अकरा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. फोटो खरोखर हवे असत ते तिला एकटीलाच; आणि ती सगळ्यांत लहान म्हणून ती एकटीच ‘नुसती पाहणारी’ होती. तिने उतरवून घेण्याचा अधिकार मागितला, तेव्हा छायाने तिला समजावले की बाळ, विक्रीच्या साहेबांच्या दोनच पायऱ्या खाली तू आलीस, तर ते तक्रार करतील. आणि माझे काय आहे ते तुला ठाऊक आहे. दिशाला ठाऊक होते. ऑफिसात सगळ्यांनाच ठाऊक होते.

त्यामुळे एक भेंडी पाकिटावर घ्यायची म्हटली तरी दिशा उठून येई, छाया ती उतरवून सीडीवर घालून देई, भेंडी आडवी हवी असेल तर दिशा पुन्हा येई. ज्यांना अधिकार होते त्यांना फोटो नको होते, म्हणून बाकी कोणाच्या कामाची खोटी होत नसे. शेवटी एका दुपारी कंटाळून छायाने तिला आपल्या खुर्चीत बसवले आणि आपल्याच पासवर्डवर सिस्टीम उघडून देऊन सांगितले की घे बाई काय लागेल ते एकदाच, मी जेवून येते. दिशाने सगळेच घेतले. डबा खाऊन छाया परत आली तेव्हा ती मान खाली घालून आपल्या जागेवर काम करत होती. पुन्हा तो विषय निघाला नाही.

कोंडाजीकाकांना पासवर्डची बातमी कोणी सांगितली कोण जाणे. सगळ्यांना काहीतरी वाटण्यात आले आणि आपल्याला मिळाले नाही, एवढे त्यांना कळले. ते काय आहे ह्याची चौकशी त्यांनी केली नाही. माणूस आहेराचा कपडा उलगडून पाहून रुसत नाही. दुसऱ्या दिवशी ते आपल्या खोलीत गेले नाहीत. गेटजवळ वॉचमनच्या बाकावर बसले, टोपी मांडीवर काढून ठेवली आणि आलेला चहा परत पाठवला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबून नमस्कार करावा लागे आणि काका नमस्कार घेत नसत. तिसऱ्या प्रहरी ज्ञानेशसाहेबांनी स्वतः छायाला बोलावले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले की ही तक्रार धरायची की नाही, ते मी अजून ठरवलेले नाही.

दसऱ्याला तीन दिवस होते. छायाने बोरसेंना गाठले. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होतेच. त्यात तिचा संगणक मध्यभागी मांडला, त्याच्या कडेला हळदीकुंकवाची बोटे उठवली, झेंडूची माळ घातली. काकांना फेटा बांधला. मग बोरसेंनी दोन शब्द बोलून ‘कंपनीतला पहिला मानाचा पासवर्ड’ एका पाकिटातून, शालीसह आणि नारळासह, काकांच्या हाती दिला. टाळ्या झाल्या. अधिकार अर्थातच ‘काढून टाकणारा’. काकांनी पाकीट कपाळाला लावले, खिशात घातले आणि त्या दिवशी दोन वेळा चहा घेतला.

इथेच हे थांबले असते, कारण मानाची वस्तू वापरायची नसते हे सगळ्यांना माहीत होते. काकांना माहीत नव्हते. आयुष्यभर ज्या माणसाने खुरपे नुसते भिंतीला टांगून ठेवले नाही, तो पासवर्ड कसा ठेवील? दुपारी जेवण झाले की ते संगणकापुढे बसू लागले. उंदीर धरायला शिकले. एकेक फोटो उघडून पाहत, आणि छायाला बोलावून सांगत की ही गवार आपल्या मळ्यातली, हा कोबी निफाडचा दिसतो, फोटोवाल्या लबाडाने फसवले. छाया हो काका म्हणे. छापण्याचे मोठे फोटो उघडायला फार वेळ लागे, आणि तेवढ्यापुरते काका यंत्राला शिव्या देत. बाकी त्यांना ते आवडले होते. दिवस सरत आल्यावर मळ्यातून एक फेरी मारावी, तसे ते त्या फोटोंमधून हिंडत.

दिवाळी जवळ आली आणि ऑफिसात साफसफाई निघाली. रद्दीवाला बोलावला, पंखे पुसले, मांजराला गोदामातून हाकलून परत घेतले. काकाही चार दिवस सकाळपासून येऊन बसले. कोणी काही विचारले नाही. पाचव्या दिवशी त्यांनी छायाला हाक मारली.

“पोरी, केर गोळा करून ठिवलाय. पन भाईर टाकता येईना. बघ बरं.”

छाया काकांच्या खांद्यावरून वाकली. काढून टाकलेला फोटो लगेच नाहीसा होत नसे. तो आधी सिस्टीममधल्या केराच्या डब्यात जाई आणि महिनाभर तिथे राही. डबा रिकामा करण्याचा अधिकार एकट्या छायाला होता. तिने डबा उघडला आणि आत किती फोटो आहेत तो आकडा वाचला. तो आठ हजारांच्या वर होता. कंपनीकडे सगळे मिळून नऊ हजार होते.

काकांनी समजावून सांगितले. एकेका टोमॅटोचे चाळीस-चाळीस फोटो होते, उभे, आडवे, कापलेले, ओले. घरात चाळीस फुटके माठ कोणी ठेवते का? त्यांनी प्रत्येकाचा एक ठेवला. कोणता ठेवला? जो पटकन उघडतो तो. जो उघडता उघडता चहा संपतो, तो काय कामाचा?

पटकन उघडणारे फोटो म्हणजे ईमेलमधून पाठवायचे चिमुकले फोटो, हे छायाला माहीत होते. पाकिटावर छापायचे ते दुसरे. ती म्हणाली, “काका, राहू द्या ना. महिन्याभरानं आपोआप जातो केर.”

“म्हंजी केर घरात ठिवून लक्ष्मीपूजन?”

“तसं नाही काका, पण...”

काकांनी तिच्याकडे मान वर करून पाहिले. राग नव्हता. दुखावलेल्या म्हाताऱ्या माणसाचे डोळे होते, आणि ते छायाला रागापेक्षा वाईट वाटले. “का मला तेवढा अधिकार नाय?” ते म्हणाले. “तसं सांग. ज्ञानेशला इचारतो.”

दिवाळी चार दिवसांवर होती. चार दिवस कोणी जिना चढले नाही म्हणजे छाया कायम होणार होती. प्रत्येकाचा एक तर आहे ना, असे तिने स्वतःला सांगितले. पुण्याच्या मुलाने म्हटले होते की सगळ्याची आणखी एक प्रत कुठेतरी राखता येते, तेही तिला आठवले. त्याचे पैसे वेगळे होते म्हणून ज्ञानेशसाहेबांनी ते घेतले नव्हते, हे मात्र आठवले नाही. किंवा तिने आठवू दिले नाही. तिने डबा रिकामा केला. काकांनी हात झटकले आणि तिच्या हातावर बत्तासा ठेवला.

भाऊबीज झाल्यावर ऑफिस उघडले. दिशाच्या हाती नव्या टोमॅटोचे पाकीट होते. फोटो मध्ये बदलला तर नाही ना म्हणून तिने सिस्टीममध्ये पाहिले, मोठा फोटो सापडला नाही, आणि ती छायाकडे आली. मग पाकिटाच्या मापात ओढलेला तो चिमुकला टोमॅटो सगळ्यांनी पाहिला. लाल चौकोनांची गोधडी दिसत होती. जानेवारीत डोंगरे मैदानावर प्रदर्शन होते, त्याच्या आधी सगळी पाकिटे आणि कॅटलॉग छापायचे होते. पुन्हा फोटो काढावेत तर शेतात तेव्हा कांदा होता.

बैठक बसली. कोणी शोध घ्यायची गरज पडली नाही, कारण काकांनी आपणहून सांगितले. चार दिवस एकट्याने बसून केले, कोणी मदतीला आले नाही, असेही म्हणाले. टेबलाभोवती सगळे कायम लोक बसले होते. विक्रीचे साहेब पेनाचे टोपण लावत-काढत होते. हिशेबाच्या साहेबांना खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचे दिसले. ज्ञानेशसाहेबांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, “चांगलं केलंत, काका.” काका समाधानाने घरी जेवायला गेले.

ते गेल्यावर खोलीतला आवाज वाढला. हे कोणी केले, असे आता विचारता येऊ लागले. तेव्हा दाराशी उभी असलेली दिशा म्हणाली की मोठे फोटो तिच्या संगणकावर आहेत. सगळे.

क्षणभर सगळ्यांचे चेहरे उजळले. मग हिशेबाच्या साहेबांनीच विचारले, की हिला तर उतरवून घ्यायचा अधिकार नाही, मग आले कुठून? कंपनीची मालमत्ता एका टेम्पररी मुलीच्या संगणकावर? खोली पुन्हा गरम झाली. दिशाने छायाकडे पाहिले. छाया टेबलाच्या पृष्ठभागाकडे पाहत होती. तिथे चहाच्या कपाचा एक वर्तुळाकार डाग होता.

“थोडे थोडे करून घेतले,” दिशा म्हणाली. “जमेल तसे.”

दोन दिवसांनी बोरसेंनी छायाला बोलावले आणि बसा म्हणाले. ती बसली नाही. ते म्हणाले की गुणवत्तेच्या सर्टिफिकेटसाठी ऑडिटर यायचे आहेत. असा प्रकार झाला की कोण जबाबदार आणि त्याच्यावर काय कारवाई केली, हे त्यांना कागदावर दाखवावे लागते. काकांचे नाव तर घेता येत नाही. आणि डबा तुम्ही रिकामा केलात, हे खरे आहे. मेमो द्यावा लागेल.

छायाने खुर्चीची पाठ धरली. “आणि कायमचं?”

“तीच तर अडचण आहे,” बोरसे म्हणाले. ते खरोखर अडचणीत दिसत होते. “मेमो लावायचा कुठे? तुमची सर्व्हिस फाइलच नाही. टेम्पररी बाईच्या हाती सगळ्या कंपनीची किल्ली दिली होती, असं ऑडिटरला सांगू? उलट मलाच मेमो यायचा.”

त्यांनी दोन पाकिटे पुढे सरकवली. पहिल्यात नेमणुकीचे पत्र होते, सिस्टीम बसवली त्या महिन्यापासूनचे. दुसऱ्यात मेमो होता. छायाने मेमो आधी वाचला. त्यात खोटे काही नव्हते, फक्त काका नव्हते. बोरसेंनी पेन दिले आणि सांगितले की नेमणुकीवर आधी सही करा, नाहीतर मेमोला अर्थ उरणार नाही. तिने सांगितल्या क्रमाने सह्या केल्या. कायम होताना डोळ्यांत पाणी येईल असे तिला नऊ वर्षे वाटत आले होते. आले नाही, बोरसेंच्या टेबलावरच्या उदबत्तीने थोडे चुरचुरले, तेवढेच.

संध्याकाळी तिने नवनाथला फोन लावला. कायम झाल्याचे सांगितले आणि मग, लपवून काय करायचे म्हणून, मेमोचेही सांगितले. मग त्याने मेमो वाचून दाखवायला लावला, शेवटपर्यंत ऐकला आणि इतक्या वर्षांत तिच्याशी बोलला नव्हता इतक्या आदराने म्हणाला, “अगं, मेमो कायम माणसालाच मिळतो. मला तीन आहेत.” त्याच महिन्यात मनमाडला एक साखरपुडा होता. रंगूबाईंनी धाकट्या सुनेची ओळख करून देताना पदर सारखा केला आणि ‘कंपनीत’ असे म्हणाल्या. पाहुणीने पुढे काही विचारायच्या आत त्यांनी स्वतःच सांगून टाकले की हिला मेमोसुद्धा मिळालाय.

कायम झालेली छाया नव्या मनाने कामाला लागली. दिशाच्या संगणकावरून फोटो परत सिस्टीममध्ये आले. दिशाच्या संगणकावरचे पुसून टाकावेत असा हुकूम होता, ते छायाने स्वतः उभे राहून पुसून घेतले. एका सकाळी तिने सगळ्यांचे काढून टाकण्याचे अधिकार परत घेतले. विक्रीचे साहेब टेबलाशी आले, बावीस वर्षांचा आणि एसटीचा उल्लेख झाला. छाया त्यांचे बोलणे संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, “वर साहेब आहेत, तक्रार करून टाका.” साहेबांनी जिन्याकडे पाहिले आणि गुडघा चोळला. ह्या वाक्यात इतकी गोडी असेल असे छायाला वाटले नव्हते. पुढे काही दिवस ती ते वाक्य जिथे गरज नव्हती तिथेही वापरत असे.

डिसेंबरात बोरसेंनी तिला दिशाचे सांगितले. कंपनीची मालमत्ता परवानगीशिवाय नेली, हा प्रकार गंभीर आहे. पण ती टेम्पररी, तिला मेमो देता येत नाही. जानेवारीअखेर तिचे अकरा महिने भरतात. तेव्हा ब्रेक द्यायचा आणि पुन्हा बोलवायचे नाही, एवढेच. आधी प्रदर्शन होऊ द्या, कॅटलॉग तिच्याकडेच आहे.

छायाने हे ऐकले. तिला एक वाक्य म्हणता आले असते, की ती खुर्ची माझी होती आणि पासवर्डही माझाच होता. त्याने काय झाले असते? फार तर दुसरा मेमो. नवनाथला तीन होते आणि त्याचे काही बिघडले नव्हते. तिने ते वाक्य मनात जुळवले, बोरसेंच्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, “म्हणजे तिचं नाव सिस्टीममधून मी कधी काढू?”

प्रदर्शन चांगले झाले. टोमॅटोचे पाकीट लोकांनी हातात घेऊन पाहिले. जानेवारी संपता संपता, ब्रेकच्या आदल्या दिवशी, दिशा छायाच्या टेबलाशी आली. चार दिवस नांदगावला जाऊन येते म्हणाली. आईने ज्वारीच्या पापड्या केल्यात, येताना तुमच्यासाठी आणीन. मग ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत तिने विचारले, “ताई, आल्यावर तरी मला उतरवून घ्यायचा अधिकार द्याल ना? आता तर तुम्हाला कोणाची भीती नाही.”

“ये तर खरी,” छाया म्हणाली.

दिशा हसली आणि गेली. तिच्या टेबलावर अर्धी राहिलेली गवार पडद्यावर उघडी होती. ती आल्यावर पुरी करायची असेल. छायाने आपल्या संगणकावर नावे उघडली आणि तिचे नाव शोधले. सगळ्यांत खालच्या पायरीवर असल्यामुळे ते शोधायला वेळ लागला नाही. यंत्राने विचारले, नक्की काढायचे का. जेवणाची सुट्टी झाली होती, पलीकडे डब्यांची झाकणे उघडत होती. छायाने ‘हो’वर टिचकी मारली आणि हात धुवायला उठली.